पहिला कॅमेरा: कॉम्पॅक्ट घ्यावा की डीएसएलआर?

सोयाबीनचे पैसे हातात आले आणि दिवाळी तोंडावर आली की मला फोन सुरू होतात. यंदा पहिला फोन परभणीहून भाच्याचा. "मामा, कॅमेरा घ्यायचाय. डीएसएलआरच घेऊ ना? सगळे तेच म्हणतात." मी विचारलं, "कशाचे फोटो काढणार?" तो म्हणाला, "सगळ्याचेच."

अंबाजोगाईत बसून मी वीस वर्षं लग्नांचे फोटो काढतोय, मोकळ्या दिवशी लेण्या आणि पक्षी. एवढ्या वर्षांत कळलेली गोष्ट अशी, की "सगळ्याचेच" म्हणून घेतलेला कॅमेरा सहा महिन्यांनी कपाटात जातो. कॅमेरा घ्यायचा तो आपल्याला जे जमत नाहीये त्यासाठी. म्हणून भाच्याला जे सांगितलं तेच इथं क्रमानं लिहितोय. पहिल्यांदाच कॅमेरा घेणाऱ्यासाठी आहे, त्यामुळं कुठलीही गोष्ट माहीत आहे असं धरून चाललेलो नाही. कॉम्पॅक्ट म्हणजे लेन्स न निघणारा छोटा कॅमेरा, आणि डीएसएलआर म्हणजे लेन्स बदलता येणारा, आत आरसा असलेला मोठा कॅमेरा.

पायरी १: पंधरा दिवस वही ठेवा

दुकानात जाण्याआधी पंधरा दिवस खिशातल्या मोबाइलवरच फोटो काढा, आणि जो फोटो मनासारखा आला नाही तो वहीत लिहा. कुठं काढला, किती वाजता, काय बिघडलं. एवढंच.

भाच्यानं पाठवलेल्या पानावर हे होतं: आजी चुलीपाशी भाकरी थापताना, संध्याकाळी, हात पुसट आला. नांगरामागं फिरणारे बगळे, पांढरे ठिपके दिसतात. ताई गॅदरिंगमध्ये नाचताना, चेहरा हलला. शेतात दुपारी स्क्रीनवर काहीच दिसेना, अंदाजानं काढला. धाकट्याचा वाढदिवस, चांगला आला.

आता प्रत्येक ओळीपुढं कारण लिहायचं. कारणं बहुतेक वेळा तीनच असतात: उजेड कमी होता, वस्तू लांब होती, किंवा वस्तू हलत होती. भाच्याच्या पानावर दोनदा उजेड, एकदा अंतर. (उन्हात स्क्रीन न दिसण्याची गोष्ट वेगळी, ती पायरी ४ मध्ये.) ताईचा फोटोही खरं तर उजेडामुळंच गेला. स्टेजवर भरपूर उजेड असता तर कॅमेऱ्याचं शटर, म्हणजे उजेड आत सोडणारा पडदा, पटकन मिटलं असतं आणि नाच गोठला असता. हालचाल आणि उजेड या दोन तक्रारी बहुतेक वेळा एकच असतात.

वही कोरी राहिली तर कॅमेरा घेऊ नका. मोबाइल तुमचं काम करतोय. त्या पैशात अजिंठा, नळदुर्ग आणि नाथसागर बघून या.

पायरी २: सेन्सर किती मोठा, ते आधी विचारा

दुकानात पहिली गोष्ट सांगतात ती मेगापिक्सेल. तिकडं लक्ष देऊ नका. आज मिळणाऱ्या कुठल्याही कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल घरातल्या फ्रेमसाठी पुरेसे असतात. विचारायचं ते सेन्सरचं माप, म्हणजे लेन्समधून आलेला उजेड ज्या सिलिकॉनच्या तुकड्यावर पडतो त्याची लांबी-रुंदी.

साध्या, स्वस्त कॉम्पॅक्टचा सेन्सर साधारण ६.२ × ४.६ मिलिमीटर असतो. तुरीचा एक दाणा हातावर घ्या, जवळपास तेवढा. नेहमीच्या डीएसएलआरचा सेन्सर, ज्याला एपीएस-सी म्हणतात, तो निकॉनमध्ये २३.५ × १५.६ मिलिमीटरचा आणि कॅननमध्ये जरासा लहान. क्षेत्रफळ काढलं तर तुरीच्या दाण्याच्या तेरापट. पावसात अंगणात वाटी ठेवली आणि शेजारी परात ठेवली, तर पाऊस दोन्हीवर सारखाच पडतो, पण पाणी कुठं जास्त साठेल ते सांगायला नको. संध्याकाळी चुलीपाशी हाच फरक फोटोत दिसतो. लहान सेन्सरवर सावलीच्या जागी रंगीत दाणे उठतात, चेहऱ्याची कातडी पुसल्यासारखी होते.

या दोघांच्या मध्ये एक माप आहे, आणि नवख्यांना त्याबद्दल कुणी सांगत नाही. 'एक इंची' सेन्सर. नाव एक इंच असलं तरी माप १३.२ × ८.८ मिलिमीटर आहे, म्हणजे तुरीच्या दाण्याच्या चौपट. २०१२ मध्ये सोनीनं आरएक्स१०० हा खिशात मावणारा कॅमेरा याच सेन्सरवर काढला, नंतर कॅननची जी७ एक्स ही मालिकाही त्यावरच आली. कॉम्पॅक्ट घ्यायचाच असेल तर या जातीचा घ्या.

स्वस्त, लहान सेन्सरचा कॉम्पॅक्ट मात्र मी आता कुणालाच सुचवत नाही. बऱ्याच मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्याचा सेन्सर आज त्याच्यापेक्षा मोठा असतो. पैसे देऊन हाती येतो तो फक्त झूम.

पायरी ३: तुमच्या जागेवर उभं राहून हिशोब करा

मराठवाड्यात फोटो काढणारा माणूस कधी ना कधी तीन जागी जातोच: वेरूळ, अजिंठा आणि जायकवाडी. या तीन जागा म्हणजे कॅमेऱ्याच्या तीन परीक्षा आहेत. तुम्ही तिथं कधीही गेला नाहीत तरी हिशोब कळेल.

वेरूळ सोपं. कैलास, म्हणजे १६ क्रमांकाचं लेणं, वरून खाली कोरत नेलेलं, वर उघडं आभाळ. उजेड भरपूर. अडचण एवढीच की प्रांगणात मागं सरकायला जागा कमी आणि मंदिर उंच, म्हणून लेन्स रुंद, म्हणजे एका फोटोत जास्त मावणारी लागते. डीएसएलआरसोबत येणारी १८-५५ मिलिमीटरची किट लेन्स (हा आकडा जितका लहान तितकी लेन्स रुंद, जितका मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं) आणि चांगल्या कॉम्पॅक्टची लेन्स, दोन्ही रुंदीला जवळपास सारख्या. कैलासात दोघं बरोबरीत सुटतात. बाजूच्या टेकडीवर चढून वरून काढायचा असेल तर जो हलका तो बरा. (मंगळवारी वेरूळ बंद असतं आणि सोमवारी अजिंठा, हे विसरून गावाकडची माणसं फाटकावरून परत आलेली मी पाहिलीत.)

अजिंठ्याला गोष्ट बदलते. १ क्रमांकाच्या लेण्यात आत गेलं की डोळ्यांना सरावायला मिनिटभर लागतं. गाभाऱ्याच्या डाव्या हाताला पद्मपाणी बोधिसत्त्वाचं चित्र. दिवे मंद ठेवलेत, कारण उजेडानं रंग उडतात, आणि फ्लॅशला सक्त मनाई आहे. ती मनाई मनापासून पाळा. ते रंग परत कुणी देऊ शकणार नाही. तिपाईलाही (ट्रायपॉडला) आधी परवानगी काढावी लागते. म्हणजे हातात धरून, असेल त्या उजेडात फोटो काढायचा.

समजा किट लेन्स लावलेला डीएसएलआर घेऊन तुम्ही तिथं उभे आहात. ही लेन्स झूम केल्यावर जास्तीत जास्त एफ/५.६ एवढीच उघडते. एफचा आकडा जितका लहान तितकं लेन्सचं भोक मोठं, हे लक्षात ठेवा. कॅमेरा शटरला १/१५ सेकंद मागतो. एवढा वेळ हात स्थिर राहणं अवघड, श्वास घेतला तरी पद्मपाणीच्या पापण्या पुसट होतात. आता तीच बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा, पण लेन्स ५० मिलिमीटर एफ/१.८. भोकाचा व्यास तिपटीनं वाढला, उजेड व्यासाच्या वर्गात वाढतो, म्हणजे जवळपास दहापट. १/१५ चं १/१२५ झालं, वर थोडा उजेड शिल्लकच. आता पापण्या दिसतात, मुकुटावरची नक्षी दिसते.

आणि खिशातला एक इंची कॉम्पॅक्ट? सेन्सर डीएसएलआरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा, पण झूम न करता त्याची लेन्स एफ/१.८ पर्यंत उघडते, तर किट लेन्स रुंद बाजूलाही एफ/३.५ वरच थांबते. हिशोब केला तर एका हातानं गमावलेलं दुसऱ्या हातानं मिळतं. किट लेन्स लावलेला डीएसएलआर आणि हा छोटा कॅमेरा अजिंठ्यात जवळपास सारखाच फोटो देतात. हे सांगितल्यावर भाचा गप्पच झाला. डीएसएलआरची ताकद बॉडीत थोडी आणि बदलता येणाऱ्या लेन्समध्ये जास्त आहे. दुसरी लेन्स कधीच घेणार नसाल तर डीएसएलआरवर पैसे घालण्यात अर्थ नाही.

आता जायकवाडी. हिवाळ्यात नाथसागराच्या उथळ पाण्यात रोहित पक्षी उतरतात. काठावरून अंतर समजा १५० मीटर, पक्षी सव्वा मीटर उंच. किट लेन्सच्या ५५ मिलिमीटरवर तो पक्षी फ्रेमच्या उंचीच्या तीन टक्के येतो, म्हणजे ठिपकाच. ३०० मिलिमीटरची लेन्स घेतली तर साधारण सहावा हिस्सा. आणि निकॉन पी९०० किंवा पी९५० सारखा, लेन्स न निघणारा ८३ पट झूमचा कॅमेरा असेल, तर तोच पक्षी अर्ध्याहून जास्त फ्रेम भरतो. गंमत म्हणजे त्याचा सेन्सर तुरीच्या दाण्याएवढाच आहे! लहान सेन्सरला लांबचं मोठं दाखवणं सोपं जातं. पण फक्त उन्हात. सूर्य कलला की तो कॅमेरा धापा टाकतो, आणि उडता पक्षी पकडायला डीएसएलआरच लागतो. बसलेले पक्षी उन्हात बघून, ओळखून नोंदी ठेवणाऱ्या माणसानं मात्र खुशाल हा घ्यावा.

लग्नाचं दोन ओळींत सांगतो. रात्रीची वरात, मांडवातला पिवळा उजेड, सतत हलणारी माणसं. पैसे घेऊन हे काम करायचं असेल तर कॉम्पॅक्टचा विचारही करू नका. वरात परत निघत नाही आणि मंगळसूत्र दुसऱ्यांदा घातलं जात नाही.

पायरी ४: ऊन, वीज आणि वजन

हे कुठल्या जाहिरातीत नसतं, पण आपल्याकडं यावरच ठरतं.

ऊन. डीएसएलआरच्या पोटात तिरका आरसा असतो. लेन्समधून आलेला उजेड त्यावर आपटून वर जातो आणि डोळ्याच्या भिंगातून आपल्याला थेट दिसतो. बटण दाबलं की आरसा वर उचलला जातो, उजेड सेन्सरवर पडतो, तो 'खटाक' आवाज आरशाचा. त्यामुळं मे महिन्यात भर दुपारी शेतात उभं राहिलं तरी डोळा लावला की स्वच्छ दिसतं. बऱ्याच कॉम्पॅक्टला डोळा लावायची जागाच नसते; स्क्रीनवर आभाळाचं प्रतिबिंब दिसतं आणि अंदाजानं फोटो काढावा लागतो. तुमच्या वहीत "उन्हात दिसेना" जास्त वेळा आलं असेल तर डोळा लावायची सोय असलेलाच कॅमेरा बघा, मग तो कुठल्याही जातीचा असो.

वीज. डोळा लावून काढताना डीएसएलआरला स्क्रीन पेटवावी लागत नाही, म्हणून बॅटरी खूप चालते. निकॉन डी३५०० ला कंपनीच्या मोजणीनं एका चार्जिंगमध्ये १,५५० फोटो. पहिल्या आरएक्स१०० ला ३३०. गावात दिवसभर वीज नसली तरी डीएसएलआर जत्रा काढून देतो. उलट बाजू अशी, की अनेक कॉम्पॅक्ट पॉवर बँकेवर चार्ज होतात, आणि जुन्या डीएसएलआरला त्याचा स्वतःचा चार्जर व भिंतीतलं बटण लागतं.

वजन. हलक्यातला हलका डीएसएलआर किट लेन्ससकट सहाशे ग्रॅमच्या आसपास जातो. आरएक्स१०० अडीचशेच्या आत. सहाशे ग्रॅम म्हणजे काही फार नाही असं दुकानात वाटतं. माळेगावच्या जत्रेत घोड्यांच्या बाजारातून दिवसभर गळ्यात घेऊन फिरल्यावर मानेला कळतं. आणखी एक, मोठा कॅमेरा दिसला की माणसं सावरून बसतात, पदर नीट करतात. छोट्या कॅमेऱ्यासमोर आजी भाकरी थापतच राहते. घरच्या माणसांचे फोटो हीच ज्याची आवड, त्यानं ही गोष्ट सगळ्या आकड्यांच्या वर धरावी असं माझं स्पष्ट मत आहे.

पायरी ५: दुकानात हातात घ्या

लातूरला जा, संभाजीनगरला जा, नांदेडला जा. पण हातात घेतल्याशिवाय घेऊ नका. स्वतःचं मेमरी कार्ड न्या, दुकानातल्या सगळ्यात अंधाऱ्या कोपऱ्याचे फ्लॅशशिवाय दहा फोटो काढा आणि घरी मोठ्या स्क्रीनवर बघा. बोटं मोठी असतील तर कॉम्पॅक्टची बटणं बोचतात. चष्मा असेल तर डोळा लावून चारही कोपरे दिसतात का ते बघा. पंधरा मिनिटं मागा, चांगला दुकानदार देतो.

तिथं तुम्हाला तिसरं नाव ऐकू येईल, मिररलेस. नावाप्रमाणं त्यात आरसा नसतो, लेन्स मात्र डीएसएलआरसारख्याच बदलता येतात. २०१८ पासून कॅनन आणि निकॉन दोघांनीही आपली ताकद तिकडं वळवली आहे, नवी मॉडेलं त्यातच येतात. खिसा परवडत असेल तर नक्की बघा. पण याचा नवख्याला एक मोठा फायदा झालाय: लोक मिररलेस घेतात आणि चांगले, कमी वापरलेले डीएसएलआर निम्म्या किमतीच्याही खाली विकायला काढतात. शिकण्यासाठी माझी पसंती अशा जुन्या डीएसएलआरलाच आहे.

पायरी ६: जुना घेताना

घाई करायची नाही. दिवसा जायचं, मोबाइलची बॅटरी पूर्ण भरून, कारण टॉर्च लागणार आहे.

लेन्स काढून तिच्यातून टॉर्चचा उजेड टाका आणि तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी. ती लेन्स फुकट दिली तरी नको. मग लेन्स लावून, एफ/१६ करून मोकळ्या आभाळाचा फोटो काढा आणि मोठा करून बघा. काळे ठिपके म्हणजे सेन्सरवर धूळ. धूळ साफ होते, ओरखडा होत नाही. शटर किती वेळा उघडलंय तो आकडा मागा. निकॉनच्या फोटोच्या माहितीतच तो लपलेला असतो, कॅननसाठी बहुतेक वेळा वेगळं सॉफ्टवेअर लागतं. साधे डीएसएलआर साधारण एक लाख वेळा उघडण्याच्या हिशोबानं बनवतात, तेव्हा दहा-वीस हजार म्हणजे कॅमेरा तरुण आहे. बॅटरी फुगलेली नाही ना ते बघा. बिल मागा.

निकॉन घेणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. डी३००० आणि डी५००० या मालिकांतल्या बॉडींत फोकसची मोटर नसते. जुनी 'एएफ-डी' लेन्स स्वस्त मिळाली म्हणून घेतली तर ती आपोआप फोकस करणार नाही. लेन्सवर 'एएफ-एस' किंवा 'एएफ-पी' लिहिलेलं हवं, आणि 'एएफ-पी' असेल तर ती तुमच्या मॉडेलवर चालते का ते लावून बघा. कॅननमध्ये ही भानगड नाही.

पैशाची वाटणी माझ्या मते अशी: शंभरातले पन्नास बॉडीला, तीस एफ/१.८ च्या लेन्सला, उरलेले वीस चांगलं कार्ड, जास्तीची बॅटरी आणि पिशवी. बरेच जण शंभरच्या शंभर बॉडीला घालतात आणि वर्षभर किट लेन्सवर काढतात. एफ/१.८ मध्ये ३५ की ५०? एपीएस-सी सेन्सरवर ५० ची लेन्स चेहऱ्यासाठी सुंदर, पण घरातल्या खोलीत मागं सरकता सरकता भिंत लागते. निकॉनवर ३५ एफ/१.८ मिळत असेल तर पहिली तीच घ्या.

पायरी ७: धुळीपासून जपा

एका मार्चमध्ये गव्हाची मळणी चालू होती. भुशाचा पिवळा लोट, त्यातून दिसणारी माणसं, मागून ऊन. दृश्य इतकं सुंदर होतं की मी यंत्रापासून दहा पावलांवर उभा राहूनच लेन्स बदलली. आठवड्यानं देवगिरीवर गेलो, आभाळ निळंशार, आणि घरी येऊन बघतो तर प्रत्येक फोटोत आभाळाच्या त्याच जागी सात काळे ठिपके. पूर्ण किल्ल्याचे फोटो एकेक करून पुसत बसावे लागले.

तेव्हापासून शेतात जाताना एकच लेन्स लावून निघतो. बदलावीच लागली तर गाडीत, काचा वर करून, बॉडीचं तोंड खाली धरून. सेन्सरवर तोंडानं कधीही फुंकर मारू नका, थुंकीचे कण बसतात. रबरी फुंकणी मिळते ती वापरा. कॉम्पॅक्टची लेन्स निघत नाही म्हणून तिथं ही काळजी नाही, पण झूम आत-बाहेर होताना फटीतून भुसा शिरतो आणि मग लेन्स अडकते. धुळीत झूम कमी फिरवा.

मे महिन्यात बंद गाडीत कॅमेरा ठेवू नका. पावसाळ्यात कातडी पिशवीत बंद करून ठेवला की बुरशी आलीच. किराण्याचा घट्ट झाकणाचा प्लास्टिक डबा घ्या, त्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि कॅमेरा त्यात ठेवा. पुड्यांतल्या दाण्यांचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर सुकवून परत वापरता येतात. आणि फोटो काढायचे नसले तरी श्रावणात आठवड्यातून एकदा कॅमेरा डब्यातून काढा, लेन्सवरचं झाकण काढून तासभर खिडकीतल्या उजेडात ठेवा, चार फोटो काढून परत डब्यात घाला.